ऑर्थो रेंडर आणि खिडक्यांच्या काचा: माझा अनुभव

गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या फ्रंट एलिव्हेशनचं (समोरून दिसणाऱ्या बाजूच्या चित्राचं) काम होतं. आर्किटेक्ट सर म्हणाले, "थ्रीडी व्ह्यू नकोय, प्रिंटवर पट्टी ठेवली की माप मिळालं पाहिजे." म्हणजे ऑर्थोग्राफिक, लांबचं-जवळचं सगळं एकाच मापात दाखवणारा व्ह्यू. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचा टाइपच तर बदलायचाय, असं वाटून मी "संध्याकाळी देतो सर" बोलून बसलो.

रेंडर मारला (मॉडेलवरून फायनल चित्र काढलं) तर आकाश गायब, मागे नुसता मातकट रंग, आणि खिडक्यांच्या सगळ्या काचा एकाच रंगाच्या, ऑइलपेंट फासल्यासारख्या. पर्स्पेक्टिव्हला (लांबचं लहान दिसणाऱ्या नेहमीच्या व्ह्यूला) टाकलं की त्याच एचडीआरआयचे, म्हणजे मॉडेलभोवती गुंडाळलेल्या आकाशाच्या फोटोचे, ढग झकास दिसायचे! मग फाइल बदलली, सॅम्पल्स वाढवले, ड्रायव्हर अपडेट केला, एचडीआरआय फिरवून बघितला तर रंग तेवढा बदलायचा, कधी पांढरट कधी हिरवट, आणि माझ्या जुन्या मशीनवर एकेक रेंडर चाळीस मिनिटं, त्यात एकदा लाइट गेली. सरांचे फोन चालूच.

तिसऱ्या रात्री वैतागून वहीत रेघा मारल्या तेव्हा ट्यूब पेटली. पर्स्पेक्टिव्हमध्ये कॅमेऱ्यातून सुटणारे किरण एका बिंदूतून पसरतात, प्रत्येकाची दिशा वेगळी. ऑर्थोमध्ये ते कंगव्याच्या दातांसारखे, निघतात वेगवेगळ्या जागेवरून पण दिशा सगळ्यांची एकच. एचडीआरआय फक्त दिशा बघून रंग देतो, मग दिशा एक तर रंगही एकच! सपाट काचेवरून परत फिरलेले किरणही समांतरच, तेही मागच्या एकाच ठिपक्याला जाऊन भिडणार. ब्लेंडर बिचारं बरोबर होतं, येडा मीच.

मग 'फिल्म ट्रान्सपरंट' सेटिंग लावलं (म्हणजे मागचं आकाश रेंडरमध्ये येतच नाही), आकाश फोटोशॉपमध्ये मागे लावलं, काचेला अगदी किंचित नॉइज बंप (बारीक उंचसखलपणा) दिला आणि कॅमेऱ्याच्या मागे खरीखुरी झाडं आणि समोरच्या घराचं मॉडेल उभं केलं. मॉडेल जवळ असलं की प्रत्येक किरण त्याच्या वेगळ्या भागावर आपटतो, म्हणून काचेत झाड दिसतं.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, कॅमेरा मागेपुढे करत बसू नका (मी अर्धा तास केलं), ऑर्थोमध्ये साइज तीच राहते. ऑर्थोग्राफिक स्केल (चित्रात मावणारी रुंदी, मीटरमध्ये) बदला. आडव्या ए३ वर १:१०० हवं तर ४२ टाका, कारण कागद ४२० मिमी रुंद, त्याच्या शंभरपट ४२ मीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. प्रिंटवाल्याला 'फिट टू पेज' काढायला लावा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

सरांनी पट्टी ठेवली, ३.६ मीटरचं गेट बरोबर ३६ मिमी भरलं. मग चष्मा वर करून म्हणाले, "काचेतली झाडं जरा कमी कर."