लोडवार ते वसई: मिशनरीच्या सुट्टीची वाट

केनियाच्या तुर्काना भागातून वसईला सुट्टीवर यायचं, तर विमानप्रवास हा सगळ्यांत सोपा टप्पा. नैरोबीहून मुंबईचं थेट विमान साधारण सहा तासांत पोचवतं. अडतं ते तुर्कानातल्या लोडवार शहरापासून नैरोबीपर्यंतच्या वाटेवर आणि कागदपत्रांत. म्हणून आम्ही मिशनवाले तिकिटाच्या तारखेपासून उलटं मोजत येतो.

तारीख शक्यतो जानेवारीतली धरावी. नाताळात मिशन सोडता येत नाही आणि मार्च ते मे मोठा पाऊस असतो. इथल्या कोरड्या नदीपात्रांना लगा म्हणतात. डोंगरात पाऊस पडला की आपल्या डोक्यावर कडक ऊन असतानाही लगा भरून वाहते. तेव्हा काठावर थांबून पाणी उतरण्याची वाट बघायची. पाणी गुडघाभर दिसलं तरी गाडी घालू नये; चाकाखालची वाळू सरकते आणि गाडी तिथंच बसते.

निघण्याआधी स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या पूर्ण करून बदली फादरांच्या हाती द्याव्यात. कॅशबॉक्स, बोअरवेलच्या पंपाच्या किल्ल्या आणि गाडीचं लॉगबुकही. लग्न लावण्याचा अधिकार त्यांना लेखी मिळालाय ना, हे मात्र आवर्जून पाहावं. तो नसताना लावलेलं लग्न धर्मकायद्याने अवैध ठरतं आणि परत आल्यावर ते निस्तरत बसावं लागतं.

लोडवार ते किटाले सुमारे 300 किलोमीटर. त्यातला लोकिचार ते काईनुक हा पट्टा जनावरं पळवण्यावरून पोकोट आणि तुर्काना जमातींत होणाऱ्या चकमकींमुळे बदनाम आहे. वातावरण तापलं की वाहनं पोलिसांसोबत तांड्याने सोडतात, आणि तांडा कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. आदल्या संध्याकाळी वाटेवरच्या मिशनला फोन करून अंदाज घ्यावा. रेडिओवरच्या बातमीपेक्षा तो खरा निघतो. अंधारात हा पट्टा ओलांडू नये. पुढे मारिच खिंडीतून घाट चढून कापेंगुरियाला पोचलं की हवा एकदम पालटते. लोडवार साधारण 500 मीटर उंचीवर, किटाले 1,900 च्या आसपास. स्वेटर बॅगेत अगदी वर ठेवावा. किटाले ते नैरोबी आणखी 380 किलोमीटर, म्हणून किटाल्यात मुक्काम करावा आणि नैरोबीत एक दिवस हाताशी राखावा.

लोडवारहून छोटं विमानही मिळतं. त्यात सामानाची मर्यादा बहुधा 15 किलोच असते, आणि कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅग चालते. तिकीट काढताना ते कुठं उतरतं ते विचारा. नैरोबीत विल्सन विमानतळ वेगळं, परदेशी विमानांचं जोमो केन्याटा वेगळं. मधे नैरोबीचं ट्रॅफिक. एक्सप्रेसवेचा टोल परवडतो, चुकलेलं विमान परवडत नाही. जोमो केन्याटाच्या आवाराच्या फाटकावरच गाडीतून उतरवून तपासणी होते, त्याचाही वेळ धरावा. सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नये; 2017 पासून तिथं त्यांवर बंदी आहे.

आता पिवळं कार्ड. केनियातून येणाऱ्याकडे भारतात यलो फीव्हरच्या लशीचा दाखला मागतात. तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि घरचे बाहेर ताटकळतात. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी जुलै 2016 पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरतात. घोळ होतो पासपोर्ट नंबरात: कार्डावर जुना, हातात नवा. दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवावेत. परतीसाठीही ते लागतात, कारण कामाच्या परवान्याचा शिक्का बहुधा जुन्यातच असतो. धर्मकार्याचा ‘आय’ वर्गाचा परवाना सुट्टीत संपणार असेल तर निघण्याआधीच अर्ज करावा. फादरांनी वरिष्ठांकडून सेलेब्रेट, म्हणजे मिस्सा अर्पण करण्यास हरकत नसल्याचं पत्रही घ्यावं. आपल्या गावच्या चर्चमध्ये कुणी मागणार नाही, दुसऱ्या धर्मप्रांतात मागतात.

निरोपाला लोक वस्तू देतात. तुर्काना पुरुष बसायला आणि मान टेकायला वापरतात ते लाकडी एकिचोलोंग खुशाल आणा. मनगटात कड्यासारखं घालायचं अबाराइत मात्र साधं कडं नव्हे, ती गोल सुरीच. कडेची धार चामड्याच्या पट्टीने झाकलेली असते, त्यामुळे पाहुण्याला ते दागिनाच वाटतं. हँडबॅगेत ठेवलं तर सिक्युरिटीवर गेलंच. कातडी आणि शहामृगाची अंडी नम्रपणे नाकारावीत, वन्यजीव कायदा कडक आहे.

शिलिंग नैरोबीतच बदलून टाका, वसईत ते कुणी घेत नाही. भारतातलं सिम तीन महिने न वापरल्यास बंद होऊ शकतं आणि मग बँकेचा ओटीपी येत नाही. रिचार्ज चालू ठेवा. विमान संध्याकाळी उतरलं तर दोन बॅगा घेऊन अंधेरीहून विरार लोकलमध्ये चढायच्या फंदात पडू नये. नायगाव-वसईपर्यंत हायवेने गाडीच बरी, निर्मळ-गिरीजवाल्यांना तर दारापर्यंत.

आणि घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला, तर ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढू नका. आफ्रिकेतून आलोय, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि फाल्सिपॅरम मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. ताप रेंगाळला तर कच्च्या दुधातून होणाऱ्या ब्रुसेलोसिसबद्दलही विचारा. उंटाचं, शेळीचं दूध तिथं आपण सगळेच पितो.