तेरेइरोत कॅमेरा नेताना

ब्राझीलमधल्या साल्व्हादोरला शिकत असताना, कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्माच्या एका तेरेइरोतल्या, म्हणजे मंदिर-घरातल्या, ढोलवादकांनी विचारलं, "शांगोच्या उत्सवाचं शूटिंग करशील का? आमच्या घरासाठी." शांगो हा मेघगर्जनेचा ओरिशा, म्हणजे देव. मी लगेच हो म्हटलं. पण खरी परवानगी मांयची, म्हणजे तिथल्या मुख्य पुजारिणीची, आणि ती मागितली की मिळते असं नाही.

त्यांचंही बरोबरच आहे. १९५१ साली 'ओ क्रुझेरो' साप्ताहिकाने दीक्षेच्या गुप्त विधीचे फोटो छापले होते, मुंडन केलेल्या, रक्ताने माखलेल्या मुलींचे. तो घाव साल्व्हादोर विसरलेलं नाही. पुढे १९९९ मध्ये कांदोंब्लेच्याच एक पुजारीण मांय जिल्दा यांचा फोटो एका चर्चच्या वर्तमानपत्राने त्यांना भोंदू ठरवायला वापरला. २१ जानेवारी २००० ला त्या वारल्या. आज ब्राझीलमध्ये ती तारीख धार्मिक असहिष्णुतेविरोधी दिन म्हणून पाळली जाते. असं सगळं सोसलेल्यांनी कॅमेऱ्याकडे संशयाने बघावं, हे मला अगदी रास्त वाटतं.

बुधवार शांगोचा वार. त्याच्या अमाला या नैवेद्यासाठी ढीगभर भेंडी चिरावी लागते, म्हणून मी स्वयंपाकघरात बसू लागले. चिरता चिरता मांय विचारायच्या, "पोरी, फिल्म कुणाकडे राहणार? कोण बघणार?" मग एके दिवशी त्यांनी सोळा कवड्या टाकल्या. ओरिशाने होकार दिला.

अटी ठरल्या: पांढरे कपडे, सगळं फुटेज घराच्या हार्डडिस्कवर, आणि कुणाच्या अंगात ओरिशा आला की कॅमेरा खाली. काही घरं हेही चित्रित करू देतात, इथे नाही.

रात्री मोठा ढोल रुम घुमू लागला. एका बाईचे खांदे थरथरले, तिची देखभाल करणारी एकेदी पुढे धावली, तिच्या पायांतल्या चपला काढल्या, घाम पुसला, आणि माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मी कॅमेरा बंद केला. ढोलांचा आवाज वाढतच होता.

संकलन आम्ही तिथेच, सगळ्यांसोबत बसून केलं. शाळेत त्रास होईल म्हणून एका मुलीचा चेहरा काढला. नाचाचा छोटा भाग यूट्यूबवर गेला. ढोलवादनाचं पूर्ण चित्रण घरातच राहिलं. त्यावरून आता लहान मुलं शांगोचा आलुजा ताल शिकतात.