पोकळ्याची जुडी

मावशी पहिल्यांदा लॅबमध्ये आल्या तेव्हा खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी घेऊन आल्या. पोकळ्याच्या चार जुड्या, किलोभर वांगी आणि रानातली माती. माती मीच मागवली होती. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचं नाव काढलं की कोल्हापूरकर नाक मुरडतो. मावशींचं रान तिथलं नव्हे, शहराबाहेरच्या एका ओढ्याकाठचं. पण ओढ्याचं पाणी त्याच जातीचं. वरच्या अंगाला कुणीतरी भट्टीची काळी वाळू टाकत असतं, पावसात ती रानात उतरते. २०१९ च्या महापुरात तर रान बरेच दिवस पाण्याखाली होतं.

"गिऱ्हाईक तोंडावर म्हणतंय, तुमच्या भाजीनं कॅन्सर हुतोय. मी तीच घरात शिजवतो की ओ मॅडम. नातवाला तीच घालतो. काय त्ये एकदा सांगून टाका."

तीन जुड्या तपासणीला घेतल्या. चौथी त्यांनी माझ्या हातात दिली. "ही तुमच्या घरला." मी 'बरं' म्हणाले.

धातूंची तपासणी ठरलेली असते. भाजी वाळवायची, दळायची, नायट्रिक ॲसिडमध्ये उकळून विरघळवायची आणि मशीनला द्यायची. पालेभाजीत किलोमागे शिसं ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅमच्या वर नको, असं कोडेक्सचं, म्हणजे अन्नासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पण मशीन ज्या धातूचं नाव विचाराल तेवढ्याचंच उत्तर देतं. सांडपाण्यात धातू, तेल, रंग, औषधं असलं सगळं एकत्र असतं आणि त्या मिश्रणानं पेशीतल्या डीएनएचं काय होतं, हे मशीन सांगत नाही. ते कांदा सांगतो.

कांद्याच्या पेशीत क्रोमोसोम, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, फक्त १६, आणि चांगले मोठे. साध्या मायक्रोस्कोपखालीही मोडतोड दिसते. कांदा पाण्यावर ठेवून मुळं फोडायची, मग ती माती किंवा भाजीच्या अर्कात सोडायची. सकाळी, पेशी जोमानं विभागत असताना टोकं कापायची, अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये टाकायची, ॲसिडमध्ये ऊन करून मऊ करायची, रंगवायची. मग काचेवर ठेवून वर टिपकागद आणि अंगठ्यानं दाबायचं. अंगठा जरा सरकला की स्लाइड वाया. या कामात पीएचडीपेक्षा अंगठा महत्त्वाचा, असं माझं मत आहे.

तिसऱ्या दिवशी मुळं बघितली तर टोकं गदेसारखी फुगलेली. वाढ थांबलेली. मनात म्हटलं, बाई गं, एवढी वाईट माती? पहिली स्लाइड लावली. विभागणीच्या मधल्या टप्प्यात क्रोमोसोम पेशीच्या मध्यावर ओळीनं उभे राहायला हवेत. इथं ते जोंधळे सांडावेत तसे इकडंतिकडं. दुसरी स्लाइड तशीच. पोकळ्याची तशीच. वांग्याचीही तशीच.

मी फोन उचलला. मावशींचा नंबरही काढला. सांगणार होते की पीक उपटून टाका.

थांबले ते केवळ सवयीमुळं. कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांचा, ट्रे अजून बघायचा होता. कंट्रोल दोन. एक नुसतं डिस्टिल्ड वॉटर. दुसरा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या मळ्यातला पोकळा, कारण नुसत्या पाल्याचा रससुद्धा मुळांना मानवतोच असं नाही. त्यामुळं तीच भाजी चांगल्या रानातली घेऊन शेजारी ठेवावी लागते. आधी पाण्याची स्लाइड लावली.

जोंधळे सांडलेले.

पन्हाळ्याच्या पोकळ्यातही जोंधळे.

दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मग उठून फडताळाशी गेले. डिस्टिल्ड वॉटरचा पांढरा कॅन. त्याच्या मागं दुसरा तसाच कॅन. आदल्या आठवड्यात बी.एस्सी.च्या पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी मीच कोल्चिसिनचं पातळ द्रावण केलं होतं आणि रिकाम्या कॅनमध्ये ओतलं होतं. लेबल नंतर लावू म्हटलं होतं. दिसायला पाणीच. आमच्या मदतनीस पोरानं सगळे अर्क त्यातच केले. पोराची काही चूक नाही.

पावसाळ्यात पन्हाळ्याच्या वाटेवर कुंपणाला लाल-पिवळी कळलावी फुलते, तिच्यातही हेच रसायन असतं. ते क्रोमोसोम ओढून नेणारे धागेच तयार होऊ देत नाही. क्रोमोसोम दुप्पट होतात आणि तिथंच पडून राहतात. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्याच मुळांवर हे दाखवलं. माणसाचे क्रोमोसोम ४६ असतात हे १९५६ साली दाखवणाऱ्या दोघांपैकी एक हेच. लेव्हानचा १९३८ चा प्रयोग आम्ही पुन्हा केला होता, आणि त्याची शिक्षा मावशींच्या पोकळ्याला देणार होतो. फुगलेली टोकं ही कोल्चिसिनची सही आहे हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. त्या सकाळी डोळ्यांपुढं असून मला दिसलं नाही, कारण माती वाईटच निघणार हे मी आधीच धरून चालले होते.

सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी स्लाइडवर नावं नाहीत, फक्त नंबर. यादी पोराच्या खिशात. एका कांद्यामागं हजार पेशी मोजल्या, प्रत्येक नमुन्याचे पाच कांदे. मान गेली. पण चित्र स्वच्छ आलं. मातीच्या अर्कात क्रोमोसोम तुटलेले. दोन टोकांना ओढले जाताना मध्ये पुलासारखे ताणून राहिलेले. काही पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी सुटा ठिपका, म्हणजे मायक्रोन्यूक्लियस. पोकळ्यात हेच, पण मातीपेक्षा कमी. पन्हाळ्याच्या पोकळ्यात जवळजवळ काही नाही. आणि त्याच रानातली वांगी पाण्याच्या कंट्रोलच्या पंगतीत. धातूंचा रिपोर्टही त्याच वळणाचा होता. कॅडमियम पानात जास्त चढतं, फळात कमी.

मावशींना बोलावलं. कांद्याचं मूळ म्हणजे माणूस नव्हे, कॅन्सर होईल किंवा होणार नाही असं यातून सांगता येत नाही, हे आधी सांगितलं. मग म्हटलं, या रानात पालेभाजी नको. धुऊन वरची धूळ जाते, पानाच्या आत गेलेलं जात नाही. ओढ्याचं पाणी बंद करून विहिरीचं द्या. माती आंबट आलीय, चुना घाला, म्हणजे कॅडमियम मुळांत कमी जाईल. वांगी, गवार चालेल.

"पोकळा म्हैन्यात पैसं देतो. वांग्याला दोन-अडीच म्हैनं. मधी काय खाऊ?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. निम्म्या रानात आधीच वांगी आहेत, निम्म्यात झेंडू लावून बघा, दसऱ्याला जाईल, एवढंच सुचलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग एकदम वर बघून विचारलं,

"त्या दिवशीची जुडी खाल्ली का ओ तुम्ही?"

फ्रीजर त्यांच्या मागंच होता. आत ती जुडी होती, नंबर टाकलेली.

"नाही, मावशी."

"मला वाटलंच हुतं." रागावल्या नव्हत्या. पिशवीत हात घालून त्यांनी सात-आठ वांगी माझ्या टेबलावर, रिपोर्टावरच, ठेवली. "ही खावा. तुमच्याच कांद्यानं पास केल्यात."

रात्री भरली वांगी केली. कांदा चिरताना बुडाची मुळं आधी बघितली.