तीन तास तेवीस मिनिटे

सह्याद्रीच्या उतारावरील एका आदिवासी तालुक्यात मी प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी आहे. अशा डोंगरी भागात एका केंद्राकडे साधारण २०,००० आणि एका उपकेंद्राकडे ३,००० लोकसंख्या असते. या लोकसंख्येच्या आरोग्याची नोंद, तपासणी, विचारणा आणि खुलासे आता मुख्यत्वे मोबाइलवरून चालतात, याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. गरोदर मातांची नोंद एका ॲपवर, क्षयरुग्णांची निक्षयवर, लसीकरणाची यू-विनवर, साथरोगांची आणखी एका पोर्टलवर करावी लागते. हे सगळे भरून झाल्यावर तेच आकडे व्हॉट्सॲपवर पुन्हा मागवले जातात, आणि सोबत जिओ-टॅग फोटोही. यंत्रणेचा स्वतःच्याच पोर्टलवर विश्वास नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्या अविश्वासाची किंमत आशा व आरोग्यसेविका मोजतात.

ती जुलैमधली सोमवारची सकाळ होती. बाह्यरुग्ण विभाग आटोपत असताना आढावा बैठकीची व्हिडिओ कॉन्फरन्स सुरू झाली आणि ती लांबत गेली. दुपारी १ वाजून ३५ मिनिटांनी मागच्या आठवड्याचा लसीकरणाचा तक्ता शोधण्यासाठी मी केंद्राचा सर्वसाधारण ग्रुप उघडला. त्यात ८६ सदस्य आहेत. रात्री-अपरात्री वाजतो म्हणून मी तो कायमचा म्यूट केला होता. वृक्षारोपणाचे फोटो, एका सहकाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्यांखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग, या सगळ्याच्या वर, सकाळी १० वाजून १२ मिनिटांनी आलेला एका सिस्टरचा संदेश होता. माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो आणि खाली दोन ओळी: पहिलटकरीण, ३४ आठवडे, बीपी १६४/११२, डोके खूप दुखते, डोळ्यांसमोर अंधारी, सर काय करू.

गरोदरपणात १४०/९० ला आम्ही सावध होतो, १६०/११० च्या वर धोक्याची घंटा असते, आणि त्यात डोकेदुखी व अंधारी आली की आकडीचा झटका कधीही येऊ शकतो. मी बैठक तशीच सोडली. रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथवर गेली. पाड्यावरून त्या मुलीला झोळीतून चौघांनी उतरवून आणले, तेव्हा रक्तदाब १७०/११६ होता आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, तीन प्लस. आकडी रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस रुग्णवाहिकेतच दिला. २ मिलीच्या कुपीत ५० टक्के द्रावणाच्या रूपात १ ग्रॅम औषध असते. पहिल्या डोसाच्या १० ग्रॅमसाठी दहा कुपी फोडाव्या लागतात, पाचांतले औषध एका नितंबात आणि पाचांतले दुसऱ्यात, खोल स्नायूत. हलत्या गाडीत हे जमत नाही, म्हणून पावसात गाडी कडेला थांबवली. सिस्टर कुपी फोडून देत होत्या आणि त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. उपजिल्हा रुग्णालयात त्याच रात्री सिझेरियन झाले. बाळ १,९०० ग्रॅमचे होते. आई आणि बाळ दोघेही घरी परतले.

परतताना मी सिस्टरांना विचारले, फोन का केला नाही. पाड्यावर रेंज नाही. वरच्या टेकाडावर एका आंब्याखाली ती येते-जाते, तिथे कॉल लागताच तुटतो, पण संदेश केव्हातरी निघून जातो. मग पहिला डोस तुम्हीच का दिला नाही, असेही विचारले, कारण तो देण्याची मुभा आरोग्यसेविकेला आहे आणि औषध त्यांच्या उपकेंद्रात होते. पूर्वी एका सेविकेला न विचारता इंजेक्शन दिल्याबद्दल खुलासा द्यावा लागला होता, तो सगळ्यांच्या लक्षात होता. ज्या यंत्रणेत औषध देण्यापेक्षा न देणे सुरक्षित वाटते, तिथे कितीही ॲप आणले तरी काय साधणार, हा प्रश्न मला अजून छळतो.

त्या रात्री मी माझा फोन तपासला. ४३ ग्रुप होते आणि त्यांतील अकरांत तेच लसीकरणाचे आकडे मागितले जात होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब मी लगेच काढून टाकले. बैठकीच्या कंटाळ्यात बोट तिकडेच वळत असे, आणि त्या सोमवारीही ते वळले होते. अहवालांचे सर्व ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकले. ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ वाजता उघडायचे, आणि आकडे केंद्राच्या संगणकावरून डेटा ऑपरेटरने एकदाच पाठवायचे. तातडीसाठी वेगळा ग्रुप केला. त्यात सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, रुग्णवाहिकेचा चालक आणि मी एवढेच आहोत. त्याचा सूर वेगळा ठेवला आहे, आणि तिथे आभार, अंगठे किंवा शुभेच्छा चालत नाहीत. मात्र सर्वांत उपयोगी ठरला तो जुना एसएमएस. त्याला डेटा लागत नाही, कमकुवत रेंजमध्येही तो बहुधा निघतो. नाव, महिने, बीपी आणि पाडा एवढेच लिहायचे, शक्य झाल्यास पाठोपाठ तीन मिस्ड कॉल द्यायचे, आणि उत्तराची वाट न पाहता पहिला डोस द्यायचा. डोसाबाबतची लेखी सूचना माझ्या सहीने प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लावली आहे.

वरिष्ठ कार्यालयाला हे रुचलेले नाही. फोटो उशिरा पोहोचल्याबद्दल मला दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा मी कारण लिहून दिले. माझ्या दुपारचे दोन तास मोकळे झाले आहेत आणि ते मी उपकेंद्रांच्या भेटींना देतो. पण हा हिशेब मांडताना मला समाधान होत नाही.

काही आठवड्यांनी सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. संदेश पाठवल्यानंतर त्या दोनदा ते टेकाड चढल्या होत्या, खुणा निळ्या झाल्या का ते पाहायला. ८६ जणांच्या ग्रुपमध्ये शेवटच्या माणसाने वाचेपर्यंत त्या निळ्या होत नाहीत. म्हणून त्यांनी संदेश दाबून धरून कोणी वाचला त्याची यादी उघडली. दुसऱ्या वेळी त्यात ४१ नावे होती. प्रत्येकाला वाटले असावे की डॉक्टरांनी पाहिलेच असेल. त्या ४१ नावांत माझे नाव शोधत सिस्टर आंब्याखाली पावसात उभ्या होत्या.