तोमार: लिस्बनहून धावत जाऊन उरकू नये असं गाव

लिस्बनमध्ये फातिमा, बाताल्या आणि तोमार एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहली सर्रास मिळतात. घेऊ नका. पोर्तुगालमधल्या या छोट्या गावात एक रात्र मुक्काम हवाच. सांता अपोलोनिया स्टेशनवरून रीजनल गाडीनं साधारण दोन तास लागतात. काही गाड्या थेट जातात, काहींना एंत्रोंकामेंतु जंक्शनला बदलावं लागतं. तोमार हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. तिथून सामान ओढत जुन्या गावात दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं.

नाबाओ नदी गावाच्या मधून वाहते. पश्चिमेला जुनं गाव आणि टेकडीवर टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती पंथाच्या धर्मयोद्ध्यांचा किल्ला. त्यांचा इथला प्रमुख ग्वाल्दिम पाइश यानं तो 1160 साली बांधायला घेतला. गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे. 1312 साली पोपनं टेम्पलर पंथ बरखास्त केला, तेव्हा पोर्तुगालचा राजा दिनिश यानं शक्कल लढवली. 1319 मध्ये ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ नावाचा नवा पंथ उभा राहिला आणि टेम्पलरांची मालमत्ता त्याच्याकडे गेली. पाटी बदलली, दुकान तेच! पुढे राजपुत्र हेन्री या पंथाचा प्रमुख झाला आणि पंथाचा पैसा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोहिमांत ओतला गेला. वास्को द गामाच्या शिडांवरचा लाल क्रूस याच पंथाचा.

किल्ल्याच्या आतला कोन्वेंतु द क्रिस्तु हा मठ सकाळी उघडतानाच गाठा. चौकातून वर चढायला पंधरा मिनिटं पुरतात, पण वाट दगडी आणि गुळगुळीत आहे. पाऊस पडला की घसरते, चपला नकोत. आत आठ अंगणं आहेत. ती सगळी सारख्याच निष्ठेनं बघत बसलात तर पाय बोलू लागतील. शारोला मात्र सोडू नका. बाहेरून सोळा बाजूंचं, आत अष्टकोनी गाभा असलेलं हे टेम्पलरांचं प्रार्थनाघर. योद्धे घोड्यावर बसूनच इथं प्रार्थनेला यायचे असं सांगतात. दंतकथाच, पण गाभ्याभोवतीची प्रदक्षिणेची जागा पाहिली की खोटी वाटत नाही.

मग मठाची ती प्रसिद्ध खिडकी. दियोगु द आर्रुदा यानं 1510 नंतर घडवलेल्या या खिडकीत दोरखंड, गाठी, साखळ्या, पोवळी असं सगळं समुद्री सामान दगडात कोरलंय. आमच्यासारख्या वसईकडच्या माणसाला ती नुसती सुंदर वाटत नाही. हिंदुस्थानच्या व्यापाराचा पैसा लिस्बनला येऊ लागला त्याच काळातली ही कारागिरी. 1581 साली तोमारलाच भरलेल्या सभेत स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला पोर्तुगालचा राजा म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे 1640 पर्यंत गोवा, चौल, वसई यांचा धनी स्पेनचाच राजा होता.

दुपारी खाली उतरून सिनागॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बघा. खोली लहानशी, चार खांबांची; आवाज घुमावा म्हणून कोपऱ्यांत वर मातीची मडकी चिणलेली आहेत. पंधराव्या शतकातली ही वास्तू 1496 मध्ये ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम निघाल्यावर बंद पडली आणि पुढे तुरुंग, कोठार असं काय काय झाली. आताच्या संग्रहालयाला अब्राहम झाकुतो या ज्यू खगोलज्ञाचं नाव दिलंय. गामाच्या प्रवासाला उपयोगी पडलेली खगोल-कोष्टकं त्याची, आणि देश सोडावा लागला तोही त्याला. पोर्तुगालमधली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, वार बघून जा.

नदीतल्या मोशाओ बेटावर लाकडी रहाट आहे, मातीच्या पोहऱ्यांसकट. कोकणातल्या बागायतीची आठवण येतेच.

खाण्याचं: स्वयंपाकघरं दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि सातनंतर उघडतात. शाकाहारी मंडळींनी काल्दु वेर्द या पालेभाजीच्या सूपपासून सावध राहावं. त्यात बहुतेकदा सॉसेजची चकती असते. ‘फातियाश द तोमार’ म्हणजे निव्वळ अंड्यांच्या पिवळ्या बलकाची वडी, पाकात मुरवलेली. फार गोड. एक प्लेट दोघांत पुरते.

गावाबाहेर पेगोंइशचं जलवाहिनीचं बांधकाम आहे: सुमारे सहा किलोमीटर लांब, 180 कमानी, 1593 साली मठाला पाणी आणण्यासाठी सुरू केलेलं. वरचा पट्टा अरुंद आणि बिनकठड्याचा. लोक चालतात, तुम्ही खालूनच बघा, दुमजली कमानी तिथूनच नीट दिसतात. टॅक्सी केलीत तर परतीचं आधीच ठरवून ठेवा.

आल्मोरोलचा किल्ला टेगस नदीतल्या खडकाळ बेटावर आहे, तोही ग्वाल्दिम पाइशनं 1171 साली उभारलेला. एंत्रोंकामेंतुला गाडी बदलून आल्मोरोल स्टेशनला उतरता येतं, पण त्या मार्गावर गाड्या कमी. परतीची वेळ आधी पाहा. काठावरून बेटावर होडी जाते. निघण्यापूर्वी ती त्या दिवशी चालू आहे का, हे तोमारच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर किल्ला काठावरूनच बघावा लागेल, आणि खरं सांगायचं तर फोटो तिथूनच चांगला येतो.

सण बघायचा असेल तर ताबुलैरुश उत्सव दर चार वर्षांनी जुलैत होतो. मुली डोक्यावर स्वतःच्या उंचीएवढी पावांची आणि कागदी फुलांची उतरंड घेऊन मिरवतात. 2023 मध्ये झाला, आता 2027. त्यासाठी जायचं असेल तर खोली आत्तापासूनच शोधायला लागा.