वाळू खोल समुद्रात पोचते कधी?

आज दोनापावलाला कृष्णा-गोदावरी बेसिनवरचं (आंध्रच्या किनाऱ्यालगतचा, गाळाने भरलेला खोलगट भाग) लेक्चर ऐकलं, डोकं अजून तिथंच आहे. साधारण 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती, म्हणजे किनारा पार शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या कडेशी, मग नद्या वाळू समुद्रतळावरच्या घळींतून थेट खोल पाण्यात ओतणारच ना! पाणी चढलं की वाळू किनाऱ्यालाच अडकते, खोलात जातो मुख्यतः चिखल, आणि त्याला नावं ठेवू नका हां, तोच पुढे गॅसवरचं झाकण होतो. कोअरचा, म्हणजे ड्रिल करून काढलेल्या गाळाच्या नळकांडीचा, फोटो तर कमालच, एकेक थर तळाला जाडसर, वर बारीक होत गेलेला, वाळू-चिखलाचा एक लोंढा म्हणजे एक थर. केजी-डी6चा (याच बेसिनमधला खोल समुद्रातला गॅस ब्लॉक) 2002 मध्ये सापडलेला गॅस असल्याच, पण याहून कितीतरी जुन्या वाळूत. सिस्मिकवर (ध्वनिलहरींनी काढलेल्या तळाखालच्या चित्रावर) वाळू वाहून नेणारे हे चॅनल ओळखतात कसे, कोणी जिऑलॉजीवाला सांगेल का?