त्रोका, एनहार्रे आणि डेट्रॉइटची ती भिंत

मी मिशिगनमध्ये एका मिडल स्कूलमध्ये स्पॅनिश शिकवते, सातवी-आठवीला. मूळची वर्ध्याची. स्पॅनिश पुण्यात शिकले, लग्नानंतर इकडे आले, इथे परत परीक्षा देऊन टीचिंग लायसन्स काढलं. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे आणि घरात शांतता आहे म्हणून बसलेय.

दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर इथे हिस्पॅनिक हेरिटेज मंथ असतो, आणि त्या महिन्यात आमचं एक ठरलेलं युनिट असतं, स्पॅनिश बोलणाऱ्या देशांमधले चित्रकार. प्रत्येक मुलानं एक चित्रकार निवडायचा, पोस्टर करायचं, चार वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलायची. आणि दरवर्षी तेच होतं. पंचवीस मुलांमधली दहा-बारा फ्रिडा कालो घेतात, जोडलेल्या भुवया आणि केसात फुलं. चार-पाच दालीच्या मिशा काढतात. दोन-तीन पिकासो. मी एकेक वर्ष काय काय करून बघितलं, तोरेस गार्सियाचा तो १९४३ चा दक्षिण अमेरिकेचा उलटा नकाशा दाखवला (दक्षिण वर, उत्तर खाली), बोतेरोची गोल गोल माणसं दाखवली, पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे हे कळावं म्हणून जिममध्ये जमिनीवर टेपनं चौकोन आखून मुलांना त्यात उभं केलं. ते आवडलं त्यांना. पण पोस्टरवर शेवटी भुवया आणि मिशाच.

म्हणून त्या वर्षी ठरवलं, आपण डेट्रॉइटला न्यायचं. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची, म्हणजे फ्रिडाच्या नवऱ्याची, भित्तिचित्रं आहेत, आणि आमच्या काउंटीतल्या शाळांना तिथे फुकट नेता येतं.

रिवेरा माझ्या आयुष्यात फ्रिडामुळे आला नाही, तो आला वर्ध्यामुळे. आमच्या आजोबांना पांडुरंग खानखोज्यांचं फार. वर्ध्यात जन्मलेला माणूस, गदर पक्षाचा क्रांतिकारक, इंग्रजांमुळे देशात परत येता येईना म्हणून फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचला, तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत प्रोफेसर झाला आणि मक्यावर, गव्हावर काम केलं. रिवेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेरानं जी चित्रं काढलीयत त्यात एका चित्रात टेबलाभोवती लोक बसलेत आणि भाकरी वाटणारा माणूस आहे, ते आमचे खानखोजे. आजोबा हे सांगायचे तेव्हा मला वाटायचं गोष्टीत मीठमसाला घालतायत. पुण्यात स्पॅनिश शिकताना ते चित्र पहिल्यांदा छापलेलं पाहिलं आणि मी लायब्ररीत बसून रडले होते. आजोबा तोवर गेले होते.

तर तो दिवस. ऑक्टोबर, थंडी नुकती सुरू झालेली, चोवीस मुलं, पिवळी बस. त्यात एक मुलगा होता, त्याचं नाव नाही सांगत. घर मेक्सिकन, आजोबा-पणजोबा मेक्सिकोतल्या हालिस्कोचे. घरी स्पॅनिशच बोलतात. पण माझ्या वर्गात तो शेवटच्या बाकावर, हूडी डोक्यावर ओढून, आणि बोलायचं नाही म्हणजे नाही. ज्या मुलांना 'ओला' (हॅलो) म्हणायला दोन आठवडे लागतात ती हात वर करायची आणि ज्याची ती मातृभाषा आहे तो गप्प.

आणि याचं कारण मी होते. सप्टेंबरमध्ये 'माझं कुटुंब' असा परिच्छेद लिहायला दिला होता, त्यानं लिहिलं होतं की पप्पा सकाळी पाचला त्रोका घेऊन निघतात. त्रोका म्हणजे ट्रक, इकडचे मेक्सिकन लोक सर्रास म्हणतात. पुस्तकात कामिओनेता आहे. मी लाल पेननं त्रोका खोडलं, वर कामिओनेता लिहिलं, अर्धा मार्क कापला. अॅक्सेंटच्या खुणा नव्हत्या त्याचेही कापले. तो पेपर त्यानं घेतला, बघितला, चार घड्या घालून खिशात ठेवला. तेव्हापासून बोलला नव्हता. मला ते तेव्हा लक्षातच आलं नाही, हे मला आजही खुपतं, कारण मी स्वतः पुण्यात पहिल्या वर्षी "काय करून राहिली" म्हटलं म्हणून अख्खा हॉस्टेलचा मजला हसलेला ऐकलाय आणि मग कितीतरी महिने तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात दुरुस्त करून घ्यायचे.

म्युझियममध्ये त्या हॉलला रिवेरा कोर्टच म्हणतात. वरून काचेच्या छतातून उजेड येतो आणि चारही बाजूंनी चित्र. सत्तावीस पॅनल. फोटोत काही म्हणजे काही कळत नाही. मुलं आत शिरली आणि गप्प झाली, आठवीची मुलं आपणहून गप्प होणं हे शिक्षकांनाच माहीत किती दुर्मीळ असतं ते.

गाईड बाई छान होत्या. त्यांनी सांगितलं की रिवेरा १९३२ मध्ये आला, फोर्डच्या रूज कारखान्यात फिरून कितीतरी स्केचेस केली, पैसे हेन्री फोर्डच्या मुलानं, एडसेल फोर्डनं दिले, आधी फक्त दोनच मोठे पॅनल ठरले होते, मग वाढत वाढत सगळा हॉल झाला, मार्च १९३३ मध्ये काम संपलं. उत्तरेच्या भिंतीवर १९३२ च्या फोर्डच्या व्ही-८ गाडीचं इंजिन तयार होतंय, दक्षिणेला गाडीची बॉडी. मंदीचे दिवस होते, रिवेरा यायच्या थोडंच आधी, मार्चमध्ये, बेकार कामगारांचा मोर्चा त्याच कारखान्यावर गेला होता आणि गोळीबारात माणसं मेली होती. चित्रात ते कुठे नाही. पण कामगारांचे चेहरे बघा, एकही हसत नाहीये, हे एका मुलीनं सांगितलं, मी नाही.

दुसरी म्हणाली, हे तर ख्रिसमसच्या देखाव्यासारखं दिसतंय. वर उजवीकडे लसीकरणाचं छोटं पॅनल आहे, बाळ, नर्स, डॉक्टर, पुढे घोडा, गाय, मेंढ्या आणि मागे तीन शास्त्रज्ञ. बरोबर ओळखलं तिनं, याच्यावरूनच १९३३ मध्ये धर्मगुरूंनी गदारोळ केला होता, वर्तमानपत्रात आलं होतं की सगळ्यावर चुना फासा. एडसेल फोर्डनं ऐकलं नाही म्हणून ते आज आहे.

फ्रिडाचं विचारलंच कुणीतरी. ती तेव्हा इथेच होती, जुलैमध्ये नुकती पंचवीस वर्षांची झालेली, आणि त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात तिचं बाळ गेलं. त्यावर तिनं काढलेलं चित्र मी तेरा वर्षांच्या मुलांना दाखवत नाही, पण घडलं ते सांगितलं. मग पूर्वेच्या भिंतीवरचं ते बाळ दाखवलं, मातीच्या पोटात, कंदात झोपलेलं, मुळं चहूकडे पसरलेली. त्यानंतर भुवयांवर कुणी काही बोललं नाही.

मग गाईड बाई फ्रेस्को समजावायला लागल्या. की रंग ओल्या प्लास्टरवर लावायचा, प्लास्टर वाळायच्या आत काम संपवायचं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगडासारखा होतो आणि रंग त्यातच अडकून बसतो, वर वेगळा थर राहत नाही. (आपल्या अजिंठ्याला आपण फ्रेस्को म्हणतो, पण ते मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन ते कोरडं झाल्यावर केलेलं काम आहे, तंत्र निराळं.) रिवेराची माणसं रात्री शेवटचा थर लावून ठेवायची, तो पहाटेपासून रंगवायला लागायचा आणि तेवढाच तुकडा त्या दिवशी पुरा करायचा.

आणि मागून आवाज आला, स्पॅनिशमध्ये, "माएस्त्रा (म्हणजे बाई), जोड तिथे आहे."

तो होता. हूडी मागे केलेली. बोट वर, एका कामगाराच्या पाठीच्या कडेला. मला काही दिसेना. तो मला हाताला धरून दोन पावलं डावीकडे घेऊन गेला, म्हणाला उजेड तिरका पडतो तिथून बघा, आणि खरंच, पाठीच्या रेषेला लागून केसासारखी बारीक फट, अलीकडचा भाग पलीकडच्यापेक्षा जरासा उंच. तो म्हणाला, इथे त्यांचा एक दिवस संपला. पप्पापण भिंतीच्या मध्ये कधी थांबत नाहीत, कोपऱ्याला नाहीतर खिडकीच्या कडेला थांबतात, म्हणजे जोड लपतो. यानं माणसाच्या कडेला थांबून लपवलाय.

मग तो थांबेचना. पप्पा प्लास्टरचं काम करतात, सुट्टीत तो बरोबर जातो. आजोबा हालिस्कोला चुन्याचंच काम करायचे, चुना खड्ड्यात महिनोन्‌महिने भिजत ठेवायचे, घाईनं वापरला की नंतर फुटतो. थापीवर किती दाब द्यायचा, बोट लावून कसं कळतं की आता वेळ झाली, हातानं हवेत करून दाखवत होता. सगळं स्पॅनिशमध्ये आणि सगळ्या वर्गासमोर. आणि सारखा एक शब्द, एनहार्रे, एनहार्रे. मला तो शब्द माहीत नव्हता. मी पंधरा वर्षं ही भाषा शिकवतेय आणि मला तो विचारावा लागला. तो गोंधळला, म्हणाला, एनहार्रे म्हणजे एनहार्रेच, भिंतीला लावतात ते. पुस्तकात प्लास्टरला दुसरे शब्द आहेत, ते मला येतात. मी वही काढली आणि म्हटलं स्पेलिंग सांग. त्यानं माझ्याकडे जे बघितलं ना, की ही लिहून घेतेय की खोडायला घेतेय, ते मी विसरणार नाही.

गाईड बाईंना स्पॅनिश येत नव्हतं, मग मी इंग्लिशमध्ये सांगायला लागले तर त्या म्हणाल्या थांबा, त्यालाच सांगू दे. आणि त्यानं परत सांगितलं, आणि चोवीस मुलं भिंतीला बोटं दाखवत एकेक दिवस शोधायला लागली. इथे एक दिवस. नाही, इथे. सिक्युरिटीवाल्याला सांगावं लागलं की मुलं हात लावणार नाहीत, लांबूनच बघतायत.

परतताना बसमध्ये तो माझ्या मागच्या सीटवर बसला आणि विचारलं, त्या चित्रात मेक्सिकन कोण आहेत? अवघड प्रश्न होता. मी सांगितलं की रिवेरा इथे रंगवत होता त्याच वर्षी डेट्रॉइटमधून हजारो मेक्सिकन कामगारांना ट्रेननं परत पाठवत होते, मंदी होती, नोकऱ्या नव्हत्या. आणि रिवेरानं त्याला मदत केली, त्याला वाटलं हे लोक गावी जाऊन सहकारी शेती करतील, नवं आयुष्य उभं करतील. तसं झालं नाही, लोकांचे फार हाल झाले. आमच्या युनिटच्या वर्कशीटवर हे नाहीये, पण त्यानं विचारलं होतं आणि त्याला खोटं सांगायचं नव्हतं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, म्हणजे चित्र चांगलं आणि ते वाईट? मी म्हटलं, हो, दोन्ही त्याचंच.

मग मी त्याला खानखोज्यांचं सांगितलं. फोनवर ते चित्र काढून दाखवलं, की हा माणूस माझ्या गावचा. त्यानं ते झूम करून करून बघितलं, म्हणाला हा तुमच्यासारखा दिसतो. मग, तुमच्या गावचं नाव काय? वर्धा. त्यानं दोनदा म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि सांगितलं की त्रोका चूक नव्हतं. तुझ्या घरचा शब्द आहे, मी खोडायला नको होता, परीक्षेसाठी कामिओनेता पण माहीत असू दे पण म्हणून त्रोका खोटं होत नाही. मार्क दुरुस्त केला. तो "ओके, माएस्त्रा" एवढंच म्हणाला आणि डबा खायला गेला. अॅक्सेंटचे मार्क मी कापलेलेच ठेवले, त्या खुणा त्याला शिकायलाच हव्यात.

पोस्टर त्यानं शेवटच्या दिवशी आणलं. रिवेराचा फोटो नाही, फ्रिडाही नाही. रात्रीचा हॉल, शिडी, आणि पाठमोरी दोन माणसं भिंतीला शेवटचा थर लावतायत. पेन्सिलनं काढलेलं, मनगटं अगदी बरोबर. खाली तक्ता. पहिल्या रकान्यात पुस्तकातले शब्द, दुसऱ्यात पप्पांचे, एनहार्रे, मेस्क्ला (कालवलेला मसाला), ल्याना (थापी), काल (चुना), एकूण नऊ. तिसरा रकाना रिकामा, वर लिहिलेलं 'वर्धा'. म्हणाला, हा तुम्ही भरा.

चुना आला मला, थापी आली. प्लास्टरपाशी अडले. गिलावा लिहायला घेतलं आणि वाटलं, हा तर मी पुण्यात ऐकलेला, पुस्तकात वाचलेला शब्द, आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा गवंडी काय म्हणायचे? रात्री बाबांना फोन लावला, तिकडे सकाळ होती. बाबा म्हणाले, "अवो छपाई म्हण नं, छपाई. काहून विचारून राहिली, घर बांधून राहिली का तिकडं?"

सकाळी जाऊन रकान्यात छपाई लिहिलं, देवनागरीत. त्यानं खाली स्पॅनिश अक्षरांत उच्चार लिहून घेतला, आणि मग म्हणाला अजून सहा राहिलेत.